हॉवर्ड थिएटरच्या नव्या शेजाऱ्यांना खुलं पत्र

वॉशिंग्टन डीसीत शॉ, यू स्ट्रीट आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यूच्या आसपास घर घेतलेल्या माझ्या मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरला. शनिवार-रविवारी रस्त्यावर वाजणारी गाणी, ड्रमचा आवाज, थिएटर सुटल्यावर फुटपाथवर रेंगाळणारी गर्दी यांनी झोपेचं खोबरं होतं, तेव्हा शहराने याला आळा घालावा, अशी त्यात मागणी आहे. खाली सह्या आहेत. त्यांत सात नावं मराठी आहेत आणि त्यातल्या चौघांच्या घरी मी पोटभर जेवले आहे. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. आपल्या माणसांशी आधी आपल्या भाषेत बोलावं.

माझी विनंती आधीच सांगून टाकते. ती सही मागे घ्या. का, ते आता सविस्तर लिहिते.

मी 1999 साली या शहरात आले. जॉर्जिया ॲव्हेन्यूच्या आतल्या एका गल्लीत, एका आजींच्या घरी वरची खोली भाड्याने मिळाली. मेट्रोकडे चालत जाताना टी स्ट्रीटवर एक भलीमोठी बंद इमारत लागायची. एकदा मी आजींना सहज विचारलं, की ते गोदाम कसलं आहे हो? आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी रांगेत उभी आहे, इस्त्रीचा कोट, हातात पांढरे हातमोजे. हातमोजे आईचे होते, जरा मोठे, त्यामुळे बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. हॉवर्डला जायचं तर असंच उठून कोणी जात नसे, आजी म्हणाल्या. सिनेमा, मग स्टेजवरचा खेळ, मग पुन्हा सिनेमा. एकाच तिकिटात दोन खेळ बघायचे म्हणून आजी आणि त्यांच्या बहिणी मधल्या वेळात बाथरूममध्ये लपून बसायच्या. मी हसले, कारण लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये माझ्या आत्यानेही हेच उद्योग केले होते. पण त्या दिवसानंतर ती इमारत मला कधी गोदाम वाटली नाही.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या गॅलरीतून जे थिएटर दिसतं, ते हेच. हॉवर्ड थिएटर उघडलं 22 ऑगस्ट 1910 ला. बालगंधर्वांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली 1913 साली, म्हणजे हॉवर्ड त्या मंडळीपेक्षाही तीन वर्षांनी थोरलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो सगळ्यांना ठाऊक असतं, पण अपोलोची दारं कृष्णवर्णीय प्रेक्षकांना 1934 साली उघडली. तोवर हॉवर्डमध्ये एक अख्खी पिढी नाटकं, गाणी, नकला बघून मोठी झाली होती. बाराशेच्या वर खुर्च्या, आणि दर्शनी भागाच्या माथ्यावर वीणेसारखं वाद्य घेतलेल्या अपोलो या ग्रीक देवाचा पुतळा.

हे थिएटर इथे, या मोहल्ल्यात का झालं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. व्हाइट हाऊसपासून चालत काही मिनिटांवर, पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर नॅशनल थिएटर आहे. तुम्ही तिथे मुलांना घेऊन मोठमोठे खेळ बघायला जाता. त्या थिएटरात कृष्णवर्णीय नट रंगमंचावर उभा राहू शकत होता, पण त्याची बायको समोर प्रेक्षकांत बसू शकत नव्हती. 1936 साली इथल्याच, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकवणारे टॉड डंकन तिथे एका ऑपेऱ्यात मुख्य भूमिका करणार होते. आपल्या माणसांना बसू देणार नसाल तर मी गाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मालकांना नमावं लागलं, पण तेवढ्या खेळांपुरतंच. पुढे नटांच्या संघटनेने बहिष्काराचं हत्यार उपसलं तेव्हा 1948 साली नॅशनलच्या चालकांनी काय केलं? नाटकंच बंद करून सिनेमे लावले. कृष्णवर्णीयांना खुर्ची देण्यापेक्षा रंगमंच मोडलेला परवडला. 1952 साली ते सर्वांसाठी पुन्हा उघडलं.

30 मे 1922 ला लिंकन मेमोरियलचं उद्घाटन झालं. ज्याने गुलामगिरी संपवली त्या माणसाच्या स्मारकासमोर कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळं बसवलं होतं. त्याच वर्षी यू स्ट्रीटवर लिंकन थिएटर उभं राहिलं. एकाच वर्षी, एकाच शहरात, एकाच माणसाच्या नावाने दोन वास्तू, आणि सन्मानाने बसायला जागा मिळाली ती यू स्ट्रीटवरच्या वास्तूत.

म्हणून या मोहल्ल्यात लोकांनी आपलं सगळं आपणच उभं केलं. बाराव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ट्रू रिफॉर्मर बिल्डिंग 1903 सालची, वास्तुविशारद जॉन लँकफर्ड. पैसा कृष्णवर्णीयांच्या एका परस्पर साहाय्य संस्थेचा, गवंडी आणि सुतारही त्यांचेच. त्याच इमारतीत एक पोरगेला पियानोवादक पहिल्यांदा पैसे घेऊन वाजवायला बसला. जवळच तेराव्या स्ट्रीटवर राहणारा, 1899 साली याच शहरात जन्मलेला. त्याला जग जॅझचा थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन म्हणून ओळखतं. बाहेरच्या हॉटेलांत खोली मिळत नसे म्हणून 1919 साली व्हाइटलॉ हॉटेल बांधलं. बँका कर्ज देत नसत म्हणून 1934 साली अकराव्या स्ट्रीटच्या नाक्यावर इंडस्ट्रियल बँक उघडली. तिच्या दारावरून तुम्ही रोज जाता. संध्याकाळी या रस्त्यावर ठेवणीतले कपडे घालूनच यायचं असा रिवाज होता. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या रस्त्यावरून यू स्ट्रीटला ब्लॅक ब्रॉडवे म्हणत ते उगाच नाही.

हॉवर्डच्या रंगमंचावर कोण उभं राहिलं याची यादी देत बसले तर पत्र पुरायचं नाही. एलिंग्टन, एला फिट्झजेराल्ड, पुढे जेम्स ब्राउन, मार्व्हिन गे. मला मात्र तिथल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेचं जास्त कौतुक वाटतं. कोणीही यावं, गावं, आणि समोरच्यांनी तिथल्या तिथे निकाल लावावा. 1933 साली बिली एक्स्टाइन नावाचा मुलगा अशी स्पर्धा जिंकला आणि पुढे देशभर गाजला. ज्यांनी शिवाजी मंदिरात किंवा दामोदरमध्ये तिसऱ्या घंटेनंतरची ती शांतता आणि मग पहिल्याच पदाला आलेला वन्स मोअर ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. कलाकार घडवतो तो प्रेक्षक, आणि तो प्रेक्षक या गल्ल्यांतून चालत येत होता.

अशी थिएटरं आणखीही होती. बाल्टिमोरचं रॉयल, शिकागोचं रीगल, फिलाडेल्फियाचं अपटाउन. आपल्याकडे नाटक कंपन्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव असा दौरा करायच्या, तसे हे कलाकार या थिएटरांतून फिरायचे, कारण दुसरीकडे त्यांना रंगमंच नव्हता. रॉयल 1971 मध्ये पाडलं. रीगल 1973 मध्ये पाडलं. हॉवर्ड उरलं.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण ती आपल्यासारख्याच परक्या माणसांची आहे. 1930 च्या दशकात तुर्कस्तानच्या राजदूतांची दोन मुलं, नेसुही आणि अहमेत एर्तेगुन, या शहरात राहायची. राजदूताची पोरं, कुठेही मिरवू शकली असती. ती यायची हॉवर्डला. ऐकायची, कलाकारांशी ओळख करून घ्यायची, आणि रविवारी त्यांना वकिलातीत जेवायला आणि वाजवायला बोलवायची. कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकत्र बसून वाजवतील अशा जागा तेव्हा या शहरात फारशा नव्हत्याच. अहमेत पुढे सांगत असत, की दक्षिणेकडच्या एका सिनेटरने याबद्दल त्यांच्या वडिलांना तक्रारीचं पत्र पाठवलं, की तुमच्याकडे काळी माणसं पुढच्या दाराने आत जाताना दिसली. राजदूतांनी उलट टपाली कळवलं, आमच्याकडे मित्र पुढच्याच दाराने येतात, आपण आलात तर मागच्या दाराने सोय करू. 1947 साली अहमेतने अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांची रेकॉर्ड तिने काढली. त्या माणसाचे कान तयार झाले ते तुमच्या खिडकीखालच्या त्या सभागृहात. तोही बाहेरून आलेला होता, त्याचीही भाषा वेगळी होती. पण तो तिकीट काढून आत जाऊन बसला.

पुढचा इतिहास दुखरा आहे. 1950 च्या दशकात शहरातली हॉटेलं, थिएटरं सगळ्यांना खुली झाली. न्याय झाला, पण इथला पैसाही तिकडे जाऊ लागला. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, आणि त्या रात्री चौदावा स्ट्रीट आणि यू स्ट्रीटच्या चौकातून दंगलीची आग पसरत गेली. 1970 मध्ये हॉवर्ड बंद पडलं. मग मेट्रोच्या ग्रीन लाइनसाठी यू स्ट्रीट वर्षानुवर्षं खणून ठेवला. समोर खड्डा आणि आत गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत कितीतरी दुकानं कायमची मिटली. 1991 साली स्टेशनं उघडली तेव्हा ज्यांनी तो खड्डा सोसला त्यांतले फारच थोडे उरले होते.

उरलेल्यांत एक बेन्स चिली बोल. लिंकन थिएटरच्या शेजारचं, मुक्या चित्रपटांच्या जुन्या थिएटरात थाटलेलं. तुम्ही तिथे पाहुण्यांना घेऊन जाता, ओबामांचा फोटो दाखवता. ते सुरू केलं बेन अली आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया अली यांनी, 22 ऑगस्ट 1958 ला. तारीख बघा, हॉवर्डच्या उद्घाटनाचीच. बेन अली त्रिनिदादचे, भारतीय वंशाच्या कुटुंबातले, हॉवर्ड विद्यापीठात शिकायला आले आणि या मोहल्ल्याचे झाले. 1968 च्या संचारबंदीत ज्या मोजक्या जागांना उघडं राहू दिलं त्यांत त्यांचं हॉटेल होतं. म्हणजे आपल्या वंशाचा माणूस इथे कसा राहू शकतो याचं उदाहरण तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

2012 साली सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलर खर्चून हॉवर्ड पुन्हा उघडलं, दर्शनी भाग मूळ 1910 सारखा करून. मी आजींना रविवारच्या गॉस्पेल ब्रंचला, म्हणजे चर्चची भक्तिगीतं ऐकत जेवायच्या कार्यक्रमाला, घेऊन गेले. आजी तेव्हा काठी घेऊन चालत होत्या. जांभळं पीस खोचलेली टोपी घातली होती. गाणं सुरू झालं तसं शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंनी आजींचा हात धरला, आणि दोघी गायकाला मोठ्याने दाद देऊ लागल्या, जणू तिघं मिळूनच गात होते. मध्येच आजी माझ्याकडे वळल्या आणि बाथरूम कुठे आहे ते बघून ये म्हणाल्या. मी घाईने उठले, तर हसत म्हणाल्या, जायचं नाही गं, ते अजून तिथेच आहे का एवढंच बघायचंय.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. हे पहिल्यांदा होत नाहीये. 2019 च्या एप्रिलमध्ये हॉवर्डजवळच सातव्या स्ट्रीट आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यूच्या नाक्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानाला गाणी बंद करायला लावली. ते दुकान 1995 पासून बाहेर स्पीकर लावून गो-गो वाजवत होतं. गो-गो हे या शहराचं स्वतःचं संगीत, चक ब्राउन यांनी रूढ केलेलं. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत ड्रम आणि कोंगा थांबतच नाहीत, नाचणाऱ्याने घरी जाऊ नये म्हणून. गायक प्रेक्षकांतल्या माणसांची, वस्त्यांची नावं घेतो आणि लोक उत्तर देतात. कोकणातली डबलबारी ज्याने ऐकली आहे त्याला गो-गो पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तर जवळच्या नव्या, महागड्या इमारतीतून तक्रार आली आणि चोवीस वर्षांचा आवाज बंद झाला. मग हजारो माणसं रस्त्यावर उतरली, अर्जावर 80,000 च्या आसपास सह्या झाल्या, आणि काही दिवसांत स्पीकर पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी 2020 मध्ये गो-गो हे कायद्याने डीसीचं अधिकृत संगीत ठरलं. 2019 च्या त्याच एप्रिलमध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या हिरवळीवर कुत्री फिरवायला आणणाऱ्या एका नव्या रहिवाशाने, अडचण होत असेल तर विद्यापीठानेच दुसरीकडे जावं, असं टीव्हीवर सांगितलं. ते विद्यापीठ तिथे 1867 पासून आहे.

तुम्ही असं बोलणार नाही, मला खात्री आहे. पण अर्जातल्या भाषेत आणि या वाक्यात अंतर किती आहे, ते एकदा शांतपणे वाचून बघा.

माझ्या मनाला हे लागण्याचं एक कारण घरचं आहे. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते आणि रात्री कामगार नाटकांत काम करायचे. दामोदर नाट्यगृहही 1922 सालचं, लिंकन थिएटरच्या वयाचं. गावाकडचं नमन मुंबईत दामोदरला लागलं की अख्खी चाळ जायची. गिरण्या गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले. काही वर्षांपूर्वी मी गणपतीत घरी गेले होते. आमच्या चाळीत भजन रंगलं होतं, पखवाजावर माझा चुलतभाऊ होता. पावणेदहाला पोलीस आले. समोरच्या टॉवरमधून फोन गेला होता. दहा वाजायला अजून पंधरा मिनिटं होती. तरीही भावाने पखवाजावर उपरणं टाकलं आणि म्हाताऱ्यांनी टाळ पिशवीत भरले. कोणी भांडलं नाही. पिशवीत टाळ पडतानाचा तो आवाज मी विसरलेले नाही. त्या टॉवरमधला फोन करणारा माणूसही दिवसभर काम करून थकलेला असेल, त्याचंही लहान बाळ असेल, हे मला कळतं. पण त्या रात्री मी खाली चाळीत बसले होते. आणि आता इथे, सात समुद्र ओलांडून, आपण टॉवरमध्ये आहोत.

आणि आपण या देशात आहोतच कशामुळे? 1923 साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. 1946 साली भारतीयांसाठी दार किलकिलं झालं, वर्षाला जेमतेम शंभर माणसं. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याने तापवलेल्या हवेतच मंजूर झाला. ज्यांनी त्या लढ्यात मार खाल्ला त्यांची नातवंडं आज हॉवर्डच्या फुटपाथवर उभी असतात. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली. आपल्यातले कितीतरी जण मेरीलँडमधल्या ॲकोकीकला बाबासाहेबांचा राम सुतारांनी घडवलेला पुतळा बघायला गेले, फोटो काढले. मीही काढला. मग त्याच हाताने या अर्जावर सही कशी करायची?

झोपेचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. खिडक्यांना जाड काचा लावून घ्या, बिल्डरकडून लावून घ्या, त्यासाठी लागेल तेवढा पत्रव्यवहार मी करून देते. मात्र तुमच्या सहीची ताकद ओळखा. या शहरात पाच रहिवासी एकत्र आले तरी एखाद्या जागेच्या दारू परवान्यावर हरकत घेऊ शकतात, आणि परवाना अडकला की गाण्याची जागा चालत नाही. म्हणजे आपली सात नावंच एखादा रंगमंच अडचणीत आणायला पुरेशी आहेत. तीच सात माणसं मोहल्ला समितीच्या मासिक बैठकीला जाऊन बसली, थिएटरच्या बाजूने दोन मिनिटं बोलली, तर तेवढाच परिणाम उलट्या दिशेने होईल. आपण सुशिक्षित आहोत, इंग्रजीत मुद्दे मांडता येतात, आपलं ऐकून घेतलं जातं. ते कोणासाठी वापरायचं, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक. मुंबईहून नाटक आलं की आपण व्हर्जिनियातल्या नाहीतर मेरीलँडमधल्या कुठल्यातरी शाळेचं सभागृह घेतो. पुढच्या वेळी लिंकन किंवा हॉवर्डकडे चौकशी करू. भाडं जास्त पडेल, दोन डॉलरने तिकीट वाढेल. पण आपला पैसा त्या दारातून आत जाईल, आणि आपली मुलं त्या खुर्च्यांवर बसतील.

अर्ज ज्यांनी तयार केला त्यांच्याशी मी फोनवर बोलले. येत्या बुधवारपर्यंत नाव काढून घेता येतं, एक ओळ लिहून पाठवली की पुरे. आणि शनिवारी संध्याकाळी सहाला मी हॉवर्डजवळच्या एलिंग्टनच्या पुतळ्यापाशी उभी असेन. आजी आता नाहीत, पण त्यांच्या दोन नाती येणार आहेत. मी चार तिकिटं जास्तीची काढून ठेवली आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा, खेळ सुटल्यावर बेन्समध्ये जेवू.

तुमचीच,
लालबागची एक शेजारीण